दहा फूट जाळी आणि पाचोळ्याच्या गोण्या

शिशिर सरता सरता महाराष्ट्रातल्या कुठल्याही बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या आवारात एक ठरलेलं काम चालू असतं. बदाम, पिंपळ, कडुलिंब, गुलमोहर यांची पानं झाडून कोपऱ्यात ढीग होतो. संध्याकाळी कोणीतरी त्याला काडी लावतं, नाहीतर तो पिशव्यांत कोंबून घंटागाडीच्या हवाली केला जातो. चार महिने जातात. आषाढात त्याच आवारातल्या बागप्रेमींच्या कंपोस्टच्या बादलीला वास सुटतो, चिलटं घरभर होतात, आणि मग दुकानातून कोकोपीटची वीट विकत येते. मार्चमध्ये फुकट मिळालेली वस्तू जाळायची आणि जुलैत तिचा पर्याय पैसे मोजून आणायचा, असा हा व्यवहार आहे.

घरच्या कंपोस्टचं रडगाणं बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. नवशिक्याचा सगळा विचार डबा कुठला घ्यावा, किती लिटरचा, कुठल्या कंपनीचा यावर खर्च होतो. डबा कसलाही चालतो. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली दहा फूट तारेची जाळीही पुरते, आणि ती कशी उभी करायची ते पुढे येईलच. अडतं ते सुक्या पाचोळ्यावाचून.

कारण साधं आहे. खत करणारे जिवाणू आणि बुरश्या यांना कर्ब लागतो आणि नत्रही लागतं. एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब, हे प्रमाण त्यांना मानवतं. स्वयंपाकघरातल्या भाजीपाल्याच्या कचऱ्यात नत्राच्या मानाने कर्ब पंधरा-वीस पट असतो, म्हणजे कमीच. वाळलेल्या पानांत तो पन्नास-साठ पटींच्या घरात. नुसत्या साली आणि देठं साठवली तर नत्र उरतं, ते अमोनिया होऊन नाकात जातं. नुसता पाचोळा ठेवला तर तो वर्षभर जसाच्या तसा. दोन्ही एकत्र आले की काम चालू होतं. पाचोळ्याचं दुसरं काम याहूनही मोठं आहे. दुधी-काकडीच्या साली, टोमॅटो, उरलेली पालेभाजी यांत ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं. ते बसून चिखल झाला की हवा आत जात नाही, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू ढिगाचा ताबा घेतात. कुजका वास त्यांचा. कुरकुरीत पान मध्ये असलं की पाणी शोषलं जातं आणि हवेला वाटही राहते.

हे ज्ञान परदेशातून आलेलं नाही, निदान पूर्णपणे तरी नाही. इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’त १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्याची पद्धत बसवली. यशवंत वाड हे तिथले त्यांचे सहकारी. दोघांच्या नावावर १९३१ साली ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हे पुस्तक निघालं आणि ‘इंदूर पद्धत’ जगाच्या पाठीवर पोचली. नाना प्रकारचा वाळका-ओला पाला एकत्र करणं, त्यात शेण मिसळणं, ओल सांभाळणं आणि ढीग ठरावीक काळाने उलटणं, हा त्या पद्धतीचा गाभा. आजही घरगुती कंपोस्टच्या बहुतेक सूचना तिथूनच निघालेल्या असतात.

दुसरं नाव अधिक घरचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे, म्हणजेच ‘नाडेप काका’. गांधीविचाराचे कार्यकर्ते. शेण कमी आणि काडीकचरा भरपूर ही विदर्भातल्या शेतकऱ्याची अडचण ओळखून त्यांनी विटांचं एक टाकं तयार केलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि भिंतींत मुद्दाम ठेवलेली भोकं. आत थरावर थर: सहा इंच काडीकचरा, त्यावर शेणाचं पातळ पाणी, त्यावर चाळलेली माती. एका टाक्याला चौदा-पंधराशे किलो काडीकचरा लागतो, शेण मात्र नव्वद-शंभर किलोच. टाकं काठोकाठ भरून वर ढीग आला की शेणामातीने लिंपून टाकायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार, तेही मध्ये एकदाही न उलटता. उलटण्याची मेहनत भिंतीतली भोकं वाचवतात, ही त्यातली खरी युक्ती. बागेतला छोटा साचा करताना तीच उचलायची.

आता जाळी. लोखंडी वेल्डमेश, जस्ताचा मुलामा दिलेली, तीन फूट रुंदीची, एक इंचाची किंवा त्याहून लहान चौकट असलेली. लांबी दहा फूट. इतकी जाड हवी की हाताने वाकेल, पण गोल करून उभी केली की स्वतःच्या पायावर उभी राहील. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती पातळ षटकोनी जाळी स्वस्त असते, पण भरल्यावर ती पोट काढते. दहा फुटांतलं अर्धा फूट एकावर एक चढवून गोल केला की व्यास बरोबर तीन फूट भरतो. जोडावर चार ठिकाणी बाइंडिंग वायरचे तुकडे पक्कडीने पिळायचे, वेल्डिंग करायचं नाही. हा गोल पुढे पुन्हा पुन्हा उघडावा लागणार आहे. कापलेल्या तारांची टोकं आत वळवून दाबली नाहीत तर पहिल्याच आठवड्यात कोणाचा तरी हात फाटतो.

तीन फूट व्यास आणि तीन फूट उंची म्हणजे सुमारे सहाशे लिटर जागा. चौघांच्या घरातून रोज दोनेक लिटर ओला कचरा निघतो असं धरलं, तर महिन्याला साठ लिटर. त्यात दुप्पट पाचोळा मिळवला की एकशेऐंशी. ढीग बसत जाऊन त्याचा तिसरा हिस्सा उरतो, म्हणून हा एक गोल भरायला दहाएक महिने सहज लागतात. पाचोळ्याचा हिशेबही यातच आला. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांना पावणेपाचशे-पाचशे लिटर सुकी पानं लागणार. पायाने दाबून भरल्या तर पाच-सहा गोण्या. त्या मार्च-एप्रिलमध्येच भरून, तोंड शिवून, पत्र्याखाली ठेवल्या नाहीत तर श्रावणात वाळकं पान मिळायचं कुठून?

पाचोळा नसलेल्या घरांनाही वाट आहे. उन्हाळ्यात रसवंतीवाल्याकडे उसाची चिपाडं ढिगाने पडलेली असतात. ती उन्हात वाळवून, तुकडे करून उत्तम चालतात. आंब्याच्या पेटीतला भाताचा पेंढा तर आयता घरात येतो. सुताराकडचा भुसाही घ्यावा, पण लाकडाचा. प्लायवुड कापल्याचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. शिवाय भुशात कर्ब इतका जास्त असतो की मूठभर टाकायचा, घमेलंभर नाही. पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६ साली ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रम सुरू केला तो नेमका याच गरजेवर. ज्यांच्याकडे पानं जास्त झाली आहेत ते, आणि ज्यांना ती हवी आहेत ते, अशा दोघांची गाठ घालून द्यायची. एकाच्या अंगणातला कचरा दुसऱ्याच्या बागेत खत होतो आणि जाळण्याचा प्रश्नच उरत नाही. अशी ओळख आपल्या गल्लीतही करता येते. सकाळी झाडलोट करणाऱ्या काकांना किंवा मावशींना आधी सांगून ठेवलं की गोण्या दारात येतात. पानांच्या जातीत मात्र फरक असतो. गुलमोहर, चिंच, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानं लवकर जिरतात. आंबा, फणस, वड यांची चामड्यासारखी पानं चुरून घेतली नाहीत तर वर्ष काढतात. वाळलेल्या पानांवर एकदा कसून पाय दिला तरी पुष्कळ काम होतं.

जागा झाडाच्या सावलीत हवी, पण बुंध्यापासून दोन-तीन फूट दूर. घराच्या भिंतीला लावून नको, ओल चढते आणि वाळवीला निमंत्रण मिळतं. शेजाऱ्याच्या खिडकीखालीही नको, कारण वास आला नाही तरी तो येतो असं वाटायला तेवढं पुरतं. नळ किंवा झारी हाताशी असावी. आणि तळाला माती असावी, फरशी किंवा काँक्रीट नव्हे: पाझरणारं पाणी मुरतं आणि गांडुळं आपल्या पायांनी वर येतात, त्यांना विकत आणावं लागत नाही. पाणी साचणारा सखल कोपरा टाळावा.

शहरात घुशीचा बंदोबस्त आधीच करायला हवा. घूस जमिनीखालून येते आणि पातळ जाळी कुरतडते. अर्ध्या इंचाच्या चौकटीची वेल्डमेश, साडेतीन फूट लांब-रुंद, तळाला सपाट अंथरून त्यावर गोल ठेवला की गांडुळांना वाट राहते आणि घुशीला राहत नाही. या जाळीवर नारळाच्या सोडणांचे तुकडे, जाड काटक्या, फांद्यांचे तुकडे यांचा चार-पाच इंचांचा थर. मधोमध तुराट्यांची मनगटाएवढी जाड मोळी उभी बांधून ठेवली तर ढिगाच्या पोटात हवा पोचते. विदर्भ-मराठवाड्यात तुराट्या सहज मिळतात. जिथे मिळत नाहीत तिथे भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप चालतो.

भरण्याची रीत एका वाक्यात सांगता येते: एक डबा ओला, दोन डबे सुका, आणि झाकल्यावर भाजीचं एकही साल दिसता कामा नये. दुधीचं साल असो की कोबीची पानं, दोन-दोन इंचांचे तुकडे करून टाकावेत. कणसाची बुरकुंडं, कोबीचे दांडे, केळफुलाची जाड सालं तर कापलीच पाहिजेत. पाचोळा सगळीकडे सारखा पसरून मग मूठ-दोन मूठ माती किंवा जुनं खत भुरभुरावं. विरजण म्हणायचं तर तेवढंच. शेण मिळालं तर सोन्याहून पिवळं. आंबट ताक, गुळाचं पाणी, बाजारातली कल्चरची पुडी यांनी बिघडत काही नाही, पण अडतही नाही. जिवाणू पानांवर, मातीत, सालींवर आधीच असतात, त्यांना पाहुण्यांसारखं आमंत्रण द्यावं लागत नाही. पुडीवाल्याला हे पटणार नाही, हा भाग वेगळा.

चहाचा चोथा धुऊन टाकावा, दूध-साखर राहिली तर मुंग्या लागतात. चहाच्या पुरचुंड्या मात्र फाडून आतली पावडरच घ्यावी, पुष्कळशा पुरचुंड्यांत प्लास्टिकचा धागा असतो. अंड्याची टरफलं चुरून. लिंबू-मोसंबीच्या साली थोड्या थोड्या. निर्माल्य उत्तम, झेंडूचा हार तर लवकर जिरतो, पण आधी दोरा, जर, प्लास्टिकची फुलं आणि टाचण्या वेगळ्या काढायच्या. गणपतीच्या दिवसांत हे काम मुलांकडे सोपवलं तर तेही खूश. उरलेला भात-भाजी, तेलकट आमटी, मासळीचे काटे, हाडं उघड्या गोलात नकोत, कारण त्यांच्यामागून घूस आणि मांजर दोन्ही येतात. कुत्र्या-मांजराची विष्ठा तर मुळीच नको. आंब्याच्या कोयी आणि नारळाची करवंटी काही महिन्यांत कुजत नाहीत. गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटलेलं असेल तरच घ्यावं. हरळीच्या बाबतीत जास्त सावध राहायला हवं: बाप्पाला वाहिलेल्या दूर्वांच्या जुड्या चालतील, पण मुळासकट उपटलेली हरळी कडकडीत उन्हात वाळवल्याशिवाय टाकली, तर ढिगात ती मरण्याऐवजी फोफावते आणि खताबरोबर सगळ्या कुंड्यांत पोचते.

ओल किती हवी? मुठीत धरून घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब डोकावला की बरोबर. धार लागली तर जास्त, हात कोरडाच राहिला तर कमी. ही परीक्षा वरच्या थरावर घेऊन उपयोग नाही, तिथे वारा असतो. फूटभर खालचा माल घ्यावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रोज थोडं थोडं भरलेला गोल फारसा तापत नाही. पुस्तकांत पंचावन्न-साठ अंशांच्या गरम ढिगाची वर्णनं असतात, ती एका वेळी रचलेल्या घनमीटरभर ढिगाची. रोजच्या भरण्यात खत होतंच, पण पाच-सहा महिने लागतात आणि तणाचं बी सगळं मरत नाही. घाई असेल किंवा बीजहीन खत हवं असेल, तर गवत कापल्याच्या दिवशी, भाजीवाल्याकडून पोतंभर पालापाचोळा आणून, शेण-पाणी शिंपडून एकाच दिवशी गोल काठोकाठ भरावा. दोन-तीन दिवसांनी लोखंडी सळई मधोमध खुपसावी, पाचेक मिनिटांनी ओढून टोकाला बोट लावावं. बोट टेकवून ठेवता आलं नाही तर ढीग चालू आहे. ती ऊब पंचावन्न अंशांवर तीन-चार दिवस टिकली की बहुतेक तणांचं बी आणि रोगजंतू निकामी होतात.

उलटण्याच्या वेळी जाळीचा खरा फायदा कळतो. पिळलेल्या तारा सोडायच्या, गोल उघडून बाजूला काढायचा. ढीग केकसारखा उभा राहतो. शेजारीच जाळी पुन्हा गोल करायची आणि दाताळ्याने वरचा माल तळाला, कडेचा मध्ये असा भरत जायचं. दोन-तीन आठवड्यांतून एकदा एवढं केलं तर खत लवकर होतं. जमलं नाही तर नाडेप काकांच्या टाक्यासारखं ते उशिरा का होईना होतंच. ढीग हलवताना वाळक्या बुरशीची पूड उडते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी पाणी शिंपडावं आणि नाकाला रुमाल बांधावा. पावसाळ्यात ढिगात हात घालायचा नाही, फावडं किंवा दाताळंच वापरायचं. उबदार पाचोळ्यात विंचू बसतो, आणि गावाकडे धामणही अंडी घालायला अशाच जागा शोधते.

पावसात जाळीच्या गोलाचं वरून झाकण हवं आणि त्याला उतार हवा. सपाट ठेवलेल्या पत्र्यावर पाणी साचून ते नेमकं मध्येच गळतं. जुना पत्रा नसेल तर फ्लेक्स आहेच. चौकाचौकांत कोणा ना कोणा साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन झालेले फ्लेक्स याहून चांगल्या कामाला कुठे येणार? वर काठी टेकवून चारी कोपरे विटांना बांधले की छत तयार. वाऱ्यासाठी बाजू मात्र मोकळ्या ठेवायच्या. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे फ्लेक्सवर भागत नाही, गोल पडवीत किंवा मांगराच्या कडेलाच उभा करावा. कोकणात पाचोळ्यासाठी एक जुनी स्पर्धाही आहे: भाताच्या तरव्यांवर, म्हणजे रोपांच्या वाफ्यांवर, भाजावळ करायला पालापाचोळा लागतो, त्यामुळे गोण्या भरून ठेवण्याची सवय तिथल्या घरांना मुळातच असते. नागपूर-अकोल्याकडे अडचण नेमकी उलटी. एप्रिल-मेमध्ये जाळीच्या कडेचा चार-पाच इंचांचा माल वाळून कोळ होतो आणि तिथे काहीच कुजत नाही. जाळीला आतून गोणपाट लावून रोज झारीने भिजवावं, म्हणजे कड जिवंत राहते.

बिघाड ओळखायला नाक पुरतं. झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे ओलं जास्त, पाचोळा वाढवायचा. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हवा नाही. उलटायचा आणि मग पाचोळा. काहीच वास नाही, पण काही होतही नाही, तर ढीग कोरडा आहे. मुंग्यांची रांग दिसली तरी तोच अर्थ: थोडं पाणी मारलं की त्या बिऱ्हाड हलवतात. चिलटं फळांच्या सालींवर येतात. वरच्या पाचोळ्याचा थर तीन इंचांचा केला की दोन-चार दिवसांत ओसरतात. औषध मारायचं नाही.

अळ्या दिसल्या की अनेकजण अख्खा ढीग फेकून देतात, हे फार वाईट. करड्या-तपकिरी, चपट्या, अर्ध्या-पाऊण इंचाच्या, अंगावर वळ्या असलेल्या आणि शेकड्यांनी वळवळणाऱ्या अळ्या ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या असतात. ही माशी चावत नाही, अन्नावर बसत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा असा झपाट्याने खातात की आठवड्याचं काम दोन-तीन दिवसांत आटोपतं. त्या जास्त झाल्या म्हणजे ढीग ओला आहे एवढाच निरोप. पाचोळा टाकला की त्या कमी होतात. दुसरी अळी मात्र वेगळी. पांढरट, गुबगुबीत, बोटाएवढी जाड, हात लावताच इंग्रजी ‘सी’सारखी वळणारी, तपकिरी डोक्याची. ही हुमणीची किंवा गेंड्या भुंग्याची. उसाच्या पट्ट्यात हुमणीची ओळख करून द्यायला नकोच. कोकण-गोव्यात गेंड्या भुंगा माडाचा शेंडा कोरतो आणि त्याची वाढ शेणखतात, कुजत्या ढिगातच होते. अशा अळ्या वेचून काढायच्या. कोंबड्या असतील तर त्यांच्यापुढे टाकल्या की क्षणात फस्त. माडांच्या बागेत कंपोस्ट करणाऱ्यांनी ढिगात मेटारायझियम बुरशीची पूड मिसळावी. ती या अळ्यांना रोग घडवते आणि माणसाला, गांडुळाला तिचा त्रास नाही.

जाळी नको असेल तर विटा. नऊ इंची विटांचा, आतून तीन फूट लांब-रुंद आणि तीन फूट उंच चौकोन, सिमेंट न वापरता, प्रत्येक थरात विटांमध्ये दोन-दोन इंच फट सोडून रचायचा. वरच्या थरातली वीट खालच्या फटीवर यावी. पावणेदोनशेच्या आसपास विटा लागतात. सिमेंट नसल्याने खत काढताना पुढची बाजू नुसती उचलून ठेवता येते. हा नाडेपचाच लहान भाऊ. जाळीपेक्षा ओल जास्त टिकवतो म्हणून मराठवाडा-विदर्भात अधिक सोयीचा. फटींतल्या विंचवाचं भान मात्र ठेवायला हवं.

अंगण छोटं असेल तर भंगारवाल्याकडचा दोनशे लिटरचा प्लास्टिकचा पिंप. आधी त्यात काय होतं ते विचारायचं, रसायनाचा असेल तर कितीही धुतला तरी नको. तळ कापून टाकायचा किंवा त्याला चाळणीसारखी भोकं पाडायची. बाजूंना दहा-बारा मिलिमीटरच्या ड्रिल बिटाने सहा-सहा इंचांवर भोकं, आणि पिंप विटांवर उभा. प्लास्टिकमधून वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे पिंपातला माल नेहमी जास्त ओला राहतो. म्हणून इथे एकास दोन ऐवजी एकास तीन पाचोळा. गॅलरीत जागाच नसेल तर भोकं पाडलेल्या दोन मोठ्या मातीच्या कुंड्या, एक भरत असताना दुसरी मुरत ठेवायची. माती स्वतःच ओल शोषते, म्हणून नवशिक्यासाठी प्लास्टिकच्या बादलीपेक्षा कुंडी केव्हाही बरी.

सरकारी बाजूनेही या उद्योगाला पाठबळ आहे. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं आणि मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. पुणे महापालिका अशा प्रकल्पांना मालमत्ता करात सवलत देते. सोसायटीच्या सभेत विषय मांडताना पर्यावरणापेक्षा हा मुद्दा आधी काढावा, सभा लवकर आटोपते.

खत झालं हे कसं ओळखायचं? रंग काळसर, पोत चहाच्या पावडरीसारखा, आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. शंका असेल तर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर ठेवावं. उघडल्यावर आंबूस किंवा कुजका भपकारा आला तर अजून मुरायचं आहे. याहून खात्रीची परीक्षा मेथीची. एका वाटीत खत आणि माती निम्मी-निम्मी, दुसरीत नुसती माती. दोन्हींत मोजून वीस-वीस दाणे. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारखे उगवले तर खत तयार. खताच्या वाटीत उगवण कमी झाली किंवा कोंबांची टोकं करपली तर त्याला आणखी महिनाभर सावलीत ठेवावं. अर्धकच्चं खत कुंडीत घातलं तर ते मातीतलंच नत्र खाऊन कुजत बसतं आणि झाड पिवळं पडतं.

तयार माल पाव इंचाच्या चाळणीने चाळावा. कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग खत, आणि माती चिकण असेल तर थोडी भरड वाळू. नुसत्या खतात झाड लावायचं नाही, ते बसत जातं आणि मुळं उघडी पडतात. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता यांना दर दोन महिन्यांनी वरची दोन इंच माती उकरून ओंजळ-दोन ओंजळी पुरेत. परसातल्या माडाला किंवा आंब्याला पावसाच्या सुरुवातीला आळं करून घमेलंभर किंवा दोन घमेली द्यावीत, बुंध्याला न चिकटवता.

चाळणीवर जे उरतं, म्हणजे अर्धवट काटक्या, आंब्याच्या पानांचे तुकडे, सोडणांचा काथ्या, ते फेकून द्यायचं नाही. त्यात लाखो जिवाणू आणि गांडुळांची अंडी असतात, म्हणून तेच नव्या गोलाच्या तळाच्या थरात पसरायचं आणि वर पहिली गोणी रिकामी करायची.